गाळून उरलेली फळं

आमच्या आणि बायजाबाईच्या अंगणामध्ये एक काट्यांचं कुंपण आहे. माणसं ते ओलांडत नाहीत, बाकी सगळं त्यावरून ये-जा करतं. ताक, कढीपत्ता, वर्तमानपत्र, भांडणसुद्धा. मी एकोडीच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे गाव मला गुरुजी म्हणतं आणि मी स्वतःला शहाणा समजतो. बायजाबाईला सहीपुरती अक्षरं येतात. तीही मीच शिकवली, कारण बँकेत अंगठा द्यायला तिला लाज वाटायची.

या बाईचं एकेकाळी आसपासच्या गावांत मोठं नाव होतं, आणि ते काही भजनामुळे नव्हतं. ती मोहाची दारू गाळायची. चैत्रात उजाडायच्या आत जंगलात जाऊन फुलं वेचायची, वाळवायची, भिजत घालायची आणि घरामागे चूल पेटवायची. तुमसरच्या राइस मिलमध्ये कामाला गेलेली आमची माणसं सणाला गावी आली की आधी तिच्या दारात जायची, मग स्वतःच्या आईच्या. फुलं किती दिवस भिजली म्हणजे पुरे, जाळ किती ठेवायचा, वरच्या भांड्यातलं पाणी कधी बदलायचं, हे सगळं ती नाकानं ठरवायची. स्वतः मात्र थेंबाला शिवली नाही. चुलीवरून उतरलेला फुलांचा चोथा ती म्हशीपुढे टाकायची. म्हैस तो मिटक्या मारत खायची आणि शहाण्यासारखी रवंथ करत बसायची. दारू तेवढी वाफेबरोबर वर जाते, खाली उरतं ते बिचारं फूल, असं बायजाबाई सांगायची. त्या विषयात तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती.

तिचा नवरा मंगरू हे तिचं पहिलं गिऱ्हाईक, आणि तेही फुकटं. अकरा वर्षांपूर्वी पोट फुगून गेला. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी बाईनं हंडे, मडकी, नळी सगळं डोक्यावर घेतलं आणि गावच्या तलावात नेऊन बुडवलं. तिला वाटलं, बला टळली. पण एकुलता एक पोरगा अतुल तोवर मिसरूड फुटलेला झाला होता. घरची बंद झाली तरी बाहेरची उघडीच होती. बापाचं रक्त म्हणा, नाहीतर लहानपणी नाकात बसलेला वास म्हणा. गाडी मात्र तो अशी चालवायचा की बांधावरून ट्रॅक्टर नेला तरी धानाची एक काडी मोडायची नाही. मालक त्याला हौसेनं ठेवायचे आणि दोन महिन्यांत हात जोडून काढायचे.

मागच्या उन्हाळ्यात तिनं त्याला नागपूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. जूनमध्ये परत आला तो सुकलेला, गप्प, पण कोरा. त्या दिवसापासून बायजाबाईचं एकच काम उरलं, ते म्हणजे पोराच्या तोंडाजवळ थेंब येऊ न देणं. खोकल्याचं औषधसुद्धा तिनं घरात आणू दिलं नाही. लग्नाच्या वरातीला त्याला पाठवलं नाही. घोटभर ताक आंबलं की ओतून द्यायची. मी एकदा म्हटलं, अहो, ताकानं कोणी झिंगत नाही. ती म्हणाली, गुरुजी, तुम्ही पुस्तकातलं सांगा, हे मले समजते. असे सात महिने गेले. अतुल कामावरून यायचा, जेमतेम दोन घास खायचा आणि खाटेवर पडून छताकडे बघायचा. जेवत नाही ही तिची दुसरी काळजी होती.

नागझिऱ्याच्या रस्त्यावर भुपेंद्र नावाच्या नागपूरच्या माणसानं चार खोल्यांचं होमस्टे बांधलं आहे. जंगल बघायला येणारी शहरी मंडळी तिथे उतरतात आणि बायजाबाई त्यांना वाल-वांग्याची भाजी नि चुलीवरचा भात करून घालते. पौषात भुपेंद्रचा ड्रायव्हर काम सोडून गेला. बाईनं संधी साधून पोराचं नाव पुढे केलं. भुपेंद्र वाईट माणूस नाही. त्यानं अतुलला शनिवारी लायसन घेऊन बोलावलं, सोमवारपासून गाडी देतो म्हणाला. पण एक दिवस जरी वास आला तर त्याच दिवशी चावी परत घेईन, हेही सांगितलं. बायजाबाईनं दोन्ही हात जोडून कबूल केलं.

आता नशीब बघा. त्याच शनिवारी पुण्याची आठ माणसं आली. त्यांची पुढारी कामिनी नावाची बाई. संध्याकाळी शेकोटीजवळ बसून फळं घातलेली लाल वाइन प्यायची, असा त्यांचा बेत. बाटल्या त्यांनी पुण्याहूनच आणल्या होत्या. पण होमस्टेकडची विजेची डीपी दोन दिवसांपूर्वी जळाली होती, तिथला फ्रीज बंद. वर दुपारी कुठल्याशा कार्यालयाचा माणूस कागद तपासायला येणार, त्याच्यासमोर बाटल्या नकोत. म्हणून सकाळी आठला भुपेंद्रची गाडी थेट बायजाबाईच्या दारात. त्यानं बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा उतरवला, चार बाटल्या, ब्रँडीची एक लहान बाटली, फळांची पिशवी आणि कामिनीनं लिहिलेला कागद. घरीच करून ठेवा मावशी, मी चारला घेऊन जातो, म्हणाला. बाई तोंड उघडणार तेवढ्यात त्यानंच समजूत घातली की ही काही दारू नाही, द्राक्षाचा रस आहे.

गाडी गेल्याबरोबर ती कुंपणाशी आली. अतुल साडेसातच्या बसनं साकोलीला गेला होता. तिथून लायसनचं काम करून परस्पर होमस्टेवर जाणार होता. म्हणजे घरी यायला त्याला चार वाजणार.

"गुरुजी, तुमच्या घरी करून देऊ का हे? माह्या घरात नोको."

मी मागे वळून बघितलं. आमची कुंता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या मला तिथून मोजता येत होत्या. ज्या ओट्यावर देवाचा नैवेद्य होतो तिथे हे नको, एवढंच ती बोलली. मी हट्ट धरला असता तर दोन दिवस अबोला झाला असता, त्यापलीकडे काही नाही. पण मी बायजाबाईला म्हणालो, कुंताला चालणार नाही. खरं सांगायचं तर मलाच चाललं नसतं. गुरुजींच्या घरात बाटल्या गेल्या, हे गावात पसरायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही. मी बायकोच्या पदराआड लपलो. लपायला ती जागा मला पहिल्यापासून सोयीची आहे.

मग नाही म्हणून सांगा भुपेंद्रला, असा सल्लाही मी वर दिला. फुकट तेवढंच देता येतं.

"त्याले नाही म्हणू, मंग सोमवारी पोराले कोणाच्या दारात नेऊ?" ती म्हणाली.

पोरगा दारूपासून दूर राहावा म्हणून ती नोकरी हवी, आणि ती नोकरी मिळावी म्हणून घरात दारू कालवायची. असा पेच होता. तिनं पदर खोचला आणि मला कागद वाचायला सांगितलं.

तर असं आम्ही ते केलं. ती पलीकडे अंगणात चुलीजवळ, मी अलीकडे कुंपणाला टेकून, पहिलीच्या वर्गाला वाचून दाखवावं तसं. सहा संत्री. दोन सालीसकट गोल चकत्या करून, चारांचा रस. चार सफरचंदं, साल न काढता फोडी. दोन डाळिंबांचे दाणे. अर्धी वाटी साखर संत्र्याच्या रसात विरघळवायची. दालचिनीची एक कांडी. हे सगळं मोठ्या पातेल्यात घालून त्यावर ब्रँडी, मग वाइन, आणि झाकून पाच तास बर्फात. पिताना सोडा. कागदावर 'चवीनुसार' असा एक शब्द होता. बाईनं विचारलं, चाखल्याबिगर चव कशी समजल? मी म्हटलं, अंदाजानं करा.

ती वाकली. पातेल्यावरून एकदा हातानं वारा घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "साखर अजून चमचाभर पाहिजे. अन् हे दालचिनी घंट्याभरात काढा लागते, नाही तं कडू होते." कागदावर हे कुठेच नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी अकरा वर्षांपूर्वीची बायजाबाई आली होती, चुलीपुढे बसलेली, गावाला मोजूनमापून नशा देणारी. मला ते बघायला आवडलं, हेही लिहून ठेवतो. मी बघतोय हे तिच्या ध्यानात आलं मात्र, तिनं पदर नाकावर घट्ट ओढून घेतला आणि नंतर पाच तास तसाच ठेवला.

त्या पाच तासांत ती डब्याजवळून हलली नाही. जेवली नाही. पाणी प्यायला घरात गेली तर मला लक्ष ठेवायला सांगायची. भर दुपारी उन्हात एक म्हातारी बर्फाच्या डब्याला पाठ लावून बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मी थट्टेनं विचारलं, काहो, डबा पळून जाणार आहे का? तिला हसू आलं नाही. सात महिने एकेक दिवस मोजत काढलेली माणसं अशा थट्टेला हसत नाहीत, हे मला उशिरा समजलं.

कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. पाच तासांनी गाळून घ्या, भिजलेली फळं काढून टाका, ती काळी पडतात आणि फोटोत चांगली दिसत नाहीत. ग्लासात घालायला ताज्या फोडी आम्ही इथे कापू. मी ते मोठ्यानं वाचलं आणि शहरी लोकांच्या फोटोंवर मनसोक्त हसून घेतलं. तो विनोद माझ्या चांगलाच अंगावर येणार होता.

भुपेंद्र तीनलाच आला. तिनं धुतलेल्या पातळाच्या तुकड्यातून गाळून ते लाल पाणी पुन्हा बाटल्यांत भरलं होतं. डबा, बाटल्या, ब्रँडीची रिकामी बाटली, बुचं, झाकणंसुद्धा तिनं गाडीत घातली. मग सुरू झाली सफाई. पातेलं तीनदा राखेनं घासलं. गाळायचा फडका चुलीत जाळला. अंगणात सडा, घरात फिनाईल, कोपऱ्याकोपऱ्यात ऊद. स्वतः डोक्यावरून न्हाली, लुगडं बदललं, आणि मला हाक मारली. कुंपणाला वळसा घालून मी पहिल्यांदा तिच्या घरात गेलो. तिनं मला खोलीच्या मधोमध उभं केलं. दिवसभर त्या वासात बसून तिचं नाक मेलं होतं, म्हणून माझं नाक हवं होतं. मी दीर्घ श्वास घेतला. फिनाईल आणि ऊद याशिवाय काही नाही, असा दाखला मी दिला. फळीवर झाकून ठेवलेल्या गंजाकडे, म्हणजे लहान पातेल्याकडे, माझं लक्ष गेलं नाही. गेलं असतं तरी मी काही विचारलं असतं असं वाटत नाही.

चारला अतुल आला. मी तिच्याच अंगणातल्या खाटेवर बसलो होतो. त्यानं खिशातून चावी काढून आईच्या हातावर ठेवली. सोमवारची वाट कशाला बघायची, म्हणून भुपेंद्रनं आजच देऊन टाकली होती. सात महिन्यांत मी त्या पोराला हसताना पाहिलं नव्हतं. बायजाबाईनं चावी देवापुढे नेऊन ठेवली, परत आणली, त्याच्या खिशात घातली. तिला काय करू नि काय नको झालं होतं.

एवढी चांगली बातमी आणि तोंड गोड करायला घरात गुळाचा खडा नाही. ती आत गेली आणि दोन वाट्या भरून घेऊन आली.

त्यात सफरचंदाच्या फोडी होत्या, संत्र्याच्या चकत्या, डाळिंबाचे दाणे, वरून साखर. सफरचंद आमच्याकडे कोणी दवाखान्यात पडलं तरच येतं. चार सफरचंदं नि दोन डाळिंबं उकिरड्यावर फेकायची, ही गोष्ट त्या बाईच्या डोक्यात शिरूच शकत नव्हती. दारू तर गाळून बाटलीत गेली, उरलं ते बिचारं फळ. तरी तिनं ते दोन पाण्यांनी धुतलं होतं. जन्मभर म्हशीनं चोथा खाल्ला, म्हैस कधी झिंगली नाही.

अतुलनं एक फोड तोंडात टाकली. त्याचा जबडा थांबला.

मी माझ्या वाटीतली फोड दातांखाली धरली आणि घशापर्यंत गरम रेघ उतरली. मी पीत नाही, पण जन्म एकोडीत काढला आहे, एवढं कळायला पिणारा असावं लागत नाही. वरून दोनदाच काय, वीसदा धुतलं असतं तरी आतलं जाणार नव्हतं. मी मान वर केली. अतुल माझ्याकडेच बघत होता. त्यानं मान हलवली, अगदी थोडी. बोलू नका.

बायजाबाई त्याच्यासमोर उभी होती, दोन्ही हात पोटाशी धरून, पोराच्या तोंडाकडे बघत.

"गोड हाये का रे?"

"लय गोड हाये, माय," अतुल म्हणाला, आणि दुसरी फोड घेतली.

माझ्या तोंडात शब्द आला होता. 'थांब' एवढाच. पण तो शब्द काढला की पुढचं सगळं त्या बाईला सांगावं लागलं असतं, तेही तिच्या तोंडावर, आजच्या दिवशी. मग स्वतःला म्हणालो, आणखी दोन फोडी खाईल आणि ठेवेल. मग म्हणालो, वाटीभर फळानं काय होतंय. शहाणा माणूस स्वतःला किती पटकन समजावतो! पहिल्या दोन-तीन फोडी त्यानं आईसाठी खाल्ल्या, हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगेन. त्यानंतरच्या कोणासाठी खाल्ल्या ते त्याच्या हातावरून दिसत होतं. हात आता थांबत नव्हता.

वाटी संपली. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या वाटीकडे बघितलं.

"काका, तुम्ही खात नसान तं द्या इकडे."

मी दिली. माझ्या हातानं दिली. बायजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. सात महिन्यांनी पोरगा भूक लागल्यासारखं खात होता. ती धावत आत गेली आणि उरलेला सगळा गंजच घेऊन आली. तळाशी साचलेला रसही त्यानं तोंड लावून प्यायला. मग उठला, तोंड पुसलं, येतो जरा म्हणाला, आणि गेला. तिला वाटलं, मित्रांना चावी दाखवायला गेला असेल. मी खाटेवर बसून राहिलो. त्याच्या मागे जावं असं नुसतं वाटत राहिलं.

तो रविवारी दुपारी सापडला, एकोडीच्या बस थांब्यामागे. लोकांनीच धरून आणला. सोमवारी भुपेंद्र आला, दारातच वास घेतला, आणि काही न बोलता चावी घेऊन गेला. बोलल्याप्रमाणे वागला, त्याला दोष कसा द्यायचा? बायजाबाई आजही त्याच्याकडे भाजी-भात करायला जाते. अतुल आता सकाळीच सुरुवात करतो.

परवा ती कुंपणाशी आली. पंधरा दिवस तिनं घराचा कोपरा न् कोपरा तपासला होता. एखादं बूच राहिलं का, गाळलेलं पाणी कुठे सांडलं होतं का, मातीत मुरलं का. तिनं मला सगळं पहिल्यापासून विचारलं, आणि मी प्रत्येक गोष्टीला नाही, नाही म्हणत गेलो.

"तुम्ही सोता वास घेतला होता, गुरुजी. खरं सांगा, माह्या हातून काही राहून गेलं का?"

"नाही बायजाबाई. तुमच्या हातून काही राहिलं नाही."

तिनं डोळे मिटले आणि कुंपणाचा खांब धरला. माह्या हातानं नाही झालं, एवढं तरी देवानं केलं, असं स्वतःशी पुटपुटली. मला ते ऐकवेना. मी उगाच अंगणातला पाला गोळा करू लागलो. जाता जाता ती वळली आणि म्हणाली, साकोलीला जाल तर दोन सफरचंदं आणा. पोराच्या पोटात अन्न राहत नाही, त्या दिवशी मात्र कसं आवडीनं खाल्लं होतं.

मी काल जाऊन आणली. दोन नाही, चार आणली, चांगली लाल बघून. पैसे घेतले नाहीत. आज सकाळी ती पुन्हा कुंपणाशी आली, हातात कापलेल्या फोडींची वाटी जशीच्या तशी.

"एकच खाल्ली अन् ठेवून देल्ली, जी," ती म्हणाली. "त्या दिवशीसारखी नाही लागत म्हणते. काहून असंन, गुरुजी? सफरचंद तं सफरचंदच हाये ना?"

मी हो म्हणालो.